नानांच्या दप्तरी

आमच्या सोसायटीत कोकीळ ओरडला म्हणून वसंत सुरू होत नाही. त्याची आधी नानांकडे नोंद व्हावी लागते. नोंदीवर हरकत आली नाही, किंवा आलेली हरकत फेटाळली गेली, आणि नानांनी तांबड्या पेन्सिलीने खूण केली, की मग वसंत प्रमाणित. तोवर आंब्यावर बसून जो कोणी ओरडतोय तो नुसता पक्षी. ऋतूशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नसतो.

नाना महसूल खात्यातले. तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. ज्या भाग्यवंतांचं जमिनीच्या कागदांशी कधी काम पडलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जमीन विकली गेली, भावाभावांत वाटली गेली, वारसाने आली, की तलाठी गाव नमुना सहामध्ये फेरफार धरतो. संबंधितांना नोटिसा जातात. हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. असेल तर प्रकरण सहा-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जातं आणि तिथून बरेचदा पुढच्या पिढीकडे. नानांची सगळी हयात यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी विषय बदलला, पद्धत नाही. त्यांच्या टेबलावर आजही दोन वह्या असतात. लाल कापडी पाठीची जाड वही नोंदींची. तिच्यात रकाने आखलेले : अनुक्रमांक, तारीख, वेळ, पक्षी किंवा फुलपाखरू, ठिकाण, कोणी पाहिलं, शेरा. दुसरी पातळ वही विवादग्रस्तांची. पुरवण्या जोडून जोडून ती आता जाड वहीपेक्षा जाड झाली आहे.

नानांना पक्ष्यांची आवड आहे असं सोसायटीत समजतात. ते खरं नाही. नानांना पहिल्या पक्ष्याची आवड आहे. दुसरा कोकीळ ओरडला तर ते मान वर करत नाहीत. फाल्गुनात कोकिळांनी सगळा आसमंत डोक्यावर घेतलेला असताना नाना गॅलरीत शांतपणे शब्दकोडं सोडवत असतात, कारण ते प्रकरण निकाली निघालेलं असतं. आता त्यांचा डोळा दयाळावर. थंडीभर मुका असलेला हा काळा-पांढरा पक्षी मार्चच्या सुमारास पहाटे टीव्हीच्या जुन्या अँटेनावर बसून गायला लागतो आणि फार सुंदर गातो. नाना ते गाणं पूर्ण ऐकत नाहीत. पहिले चार सूर कानावर पडले की ते वहीकडे धावतात. तोपर्यंत दुसऱ्या कोणी वेळ टाकली तर?

माघात ते पहाटे बागेत उतरतात तेव्हा थंडी अजून रेंगाळत असते. अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, डोक्याला कानटोपी, तिची डावी बाजू वर दुमडलेली. डावा कान त्यांचा शाबूत आहे. उजव्यात यंत्र आहे आणि त्यावर कानटोपी घट्ट बसली की यंत्र शिट्टी मारतं. एका वर्षी ही शिट्टी ‘शिंपी (?)’ अशी वहीत चढली होती. ती नोंद नानांनी स्वतःहून रद्द केली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. गळ्यात दुर्बीण, मुलीने इंग्लंडहून पाठवलेली. तिची झाकणं हरवू नयेत म्हणून पायजम्याच्या नाडीने बांधलेली. काखेतल्या पिशवीत सालिम अलींचं पुस्तक. ते पहिल्यांदा निघालं १९४१ साली. नानांची प्रत बरीच अलीकडची असली तरी अवस्था १९४१ची आहे.

बाग म्हणजे काय, तर बिल्डरने माहितीपत्रकात जिला ‘लँडस्केप गार्डन’ म्हटलं होतं ती जागा. मधोमध पेव्हर ब्लॉक, त्यात न चालणारं कारंजं. कडेने जास्वंद, कण्हेर, एक कढीपत्ता, एक शेवगा. कंपाउंडलगत ओळीने उंच अशोक, जो खरा अशोक नव्हेच. आणि सी विंगच्या मागे एक जुना आंबा, इमारतीच्या आधीपासूनचा, बिल्डरच्या नजरेतून सुटलेला. पुण्याच्या उपनगरातल्या कुठल्याही सोसायटीत असते तेवढीच ही संपत्ती. पण नाना बागेत एक फेरी मारतात तेव्हा पंचक्रोशी पालथी घालून आल्यासारखे परततात.

त्यांच्या न्यायनिवाड्याचे नमुने सांगितल्याशिवाय माणूस कळायचा नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एका वर्षी ऐन पौषात कोकीळ ऐकल्याचा दावा लावला. अजून घरोघरी तिळगूळ वाटून व्हायचा होता. रोज साडेदहाच्या सुमाराला ऐकू येतो, अगदी जवळून येतो, असं काकूंचं म्हणणं. नानांनी स्थळपाहणी ठरवली आणि पंच म्हणून मला धरून नेलं. काकूंच्या स्वयंपाकघरात आम्ही कान देऊन बसलो. चहा झाला, पोह्याचा चिवडा झाला. साडेदहाला आवाज आला. कोकीळच, शंका नको. काकूंनी विजयी मुद्रेने नानांकडे पाहिलं. नाना उठले आणि खिडकीऐवजी दाराकडे गेले. समोरच्या फ्लॅटपाशी कुरिअरवाला उभा होता आणि त्याचं बोट बेलवर होतं. नानांनी तिथेच जिन्यात उभ्या उभ्या शेरा लिहिला : ‘आवाज कोकिळाचा. पक्षी विजेवर चालणारा. दावा अमान्य.’

“बेल तर बेल,” काकू म्हणाल्या. “चार दिवस बरं वाटलं होतं ना मला.”

नानांच्या वहीत बरं वाटण्याला रकाना नाही.

अशी फसगत थोरामोठ्यांचीही झालेली आहे आणि तो दाखला नाना प्रत्येक सुनावणीत देतात. रिचर्ड लिडेकर नावाचे नामांकित इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ, रॉयल सोसायटीचे फेलो, तरुणपणी आपल्याकडे जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात नोकरीला होते. त्यांनी १९१३च्या फेब्रुवारीत लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून कळवलं की, यंदाचा पहिला ककू आपण ऐकला. तिकडे हा पक्षी एप्रिलात येतो, त्यामुळे पत्र छापून आलं आणि चर्चा झाली. आठवडाभरात लिडेकरसाहेबांचं दुसरं पत्र आलं : तो पक्षी नव्हता, शेजारच्या बांधकामावरचा गवंड्याच्या हाताखालचा मजूर होता. तो उत्तम नक्कल करत होता. नाना ही गोष्ट सांगतात तेव्हा मजुराबद्दल अवाक्षर काढत नाहीत. त्यांना भावतं ते दुसरं पत्र. “चुकीची नोंद स्वतः रद्द करून घेतली. असे अधिकारी आता राहिले नाहीत.”

पण ज्या निकालाने सोसायटी कायमची दुभंगली तो ए विंगमधल्या तिसरीतल्या पोराचा. या पोराने जिन्यात उभं राहून तोंडाने ‘कुहू’ काढलं. आंब्यावरून उत्तर आलं. पोराने वरच्या पट्टीत काढलं. आंब्यावरून आणखी वरच्या पट्टीत. लहानपणी हा उद्योग न केलेला मराठी माणूस विरळा. तेव्हा आवाज खरा, पक्षी खरा, काळा कुळकुळीत, डोळा लाल, दहा जणांनी पाहिलेला आणि त्या वर्षीचा सर्वांत पहिला. पोराच्या आईने नाव नोंदवायला सांगितलं. नानांनी दोन दिवस विचार करून निकाल दिला की, पक्ष्याने स्वखुशीने आवाज काढलेला नसून चिथावणीने काढला आहे. सबब नोंद ग्राह्य नाही. पोराच्या आईने नानांशी बोलणं टाकलं. पोराने मात्र धडा घेतला. हल्ली ते पावशाचा आवाज काढायला शिकतं आहे.

तांबटाच्या बाबतीत नानांचीच कोंडी होते. फेब्रुवारी-मार्चात ऊन चढायला लागलं की ‘टुक् टुक् टुक्’ सुरू होतं, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसं आणि तितकंच न थकता. हा पक्षी मुठीएवढा, हिरवा, कपाळावर कुंकवाचा टिळा. ओरडताना चोच मिटलेली असते, गळा तेवढा फुगतो, आणि मधूनमधून तो मान इकडची तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज कधी या झाडावरून आल्यासारखा वाटतो, कधी त्या. धडधाकट दोन कानांच्या माणसालाही तो चटकन सापडत नाही. नाना एका कानावर त्याचा शोध घेतात. शेवग्याखाली उभे, मग अशोकाखाली, मग पार्किंगमध्ये. त्यात कोणाच्या ना कोणाच्या फ्लॅटमध्ये फरश्या बदलायचं काम चालू असतंच. ‘ठिकाण’ या रकान्यात तांबटासमोर आजवर एकाही वर्षी काही लिहिलेलं नाही. रेघ आहे.

आता बाईंकडे वळायला हवं, कारण नानांची वही कोणाच्या धाकाने इतकी नेटकी राहते ते त्याशिवाय समजणार नाही.

बी विंगमधल्या या बाईंनी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. सोसायटीतल्या निम्म्या कर्त्या पुरुषांना त्या अजून एकेरी हाक मारतात आणि त्यांचे सहामाहीचे मार्क सांगू शकतात. बाईंच्या मोबाइलवर पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगणारं ॲप आहे. फेब्रुवारीत जगभर चार दिवस परसातल्या पक्ष्यांची गणना होते, तिच्यात त्या आपली यादी ई-बर्डवर चढवतात. नाना ई-बर्डला ‘परदेशी दप्तर’ म्हणतात. त्यांचं म्हणणं, जिथे हरकत घ्यायला माणूस समोर येत नाही त्या नोंदीला अर्थ काय? वास्तविक तिथेही चुकीच्या वाटणाऱ्या नोंदी तपासणारे जाणकार बसलेले असतात आणि पुरावा मागतात. हे बाईंनी सांगितल्यावर नानांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आपलं खातं सातासमुद्रापार चालू आहे, हे कळून त्यांना आनंदही झाला आणि आपल्याला कोणी विचारलं नाही याचं वाईटही वाटलं.

बाईंची पहिली हरकत तत्त्वाचीच होती. “नाना, कोकीळ ‘आला’ असं लिहू नका. तो बारा महिने इथेच असतो. थंडीत गप्प असतो इतकंच. कावळ्यांची घरटी बांधायची वेळ आली की याला कंठ फुटतो, कारण याच्या मादीला अंडी तिथे घालायची असतात.”

“कचेरीत येऊन मस्टरवर सही न करणाऱ्याला आम्ही गैरहजरच धरायचो,” नाना म्हणाले.

“आणि फुलपाखरांचा हंगाम आपल्याकडे वसंत नव्हे. पावसाळा ओसरता ओसरता बघा. वसंतातली पहिली फुलपाखरं तुमच्या मुलीच्या इंग्लंडात.”

यात तथ्य होतं. मुलगी तिकडून मार्चमध्ये फोटो पाठवते : बागेतलं पहिलं पिवळं ब्रिमस्टोन. हिवाळाभर ते हिरव्या वेलींच्या पानांत लपून काढतं आणि उबदार दिवस आला की बाहेर पडतं. आपल्याकडे एवढं लपून बसायला आहे काय? पण मुलीने फोटोबरोबर एक माहितीही पाठवली होती आणि तिने नानांना नवं बळ दिलं. नॉर्फोकमधल्या रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ साली वसंताच्या खुणांच्या तारखा टिपायला सुरुवात केली. पहिलं पान, पहिलं फूल, पहिला ककू, बेडकांचा पहिला डराव, पहिलं पिवळं फुलपाखरू. तो गेल्यावर वंशजांनी तेच पुढे चालवलं, ते थेट १९५८ पर्यंत. हवामान बदलतंय तसा वसंत किती अलीकडे सरकतोय, हे तपासणारे शास्त्रज्ञ आज ती दप्तरं उघडतात. नानांनी आकडेमोड केली : दोनशे बावीस वर्षं. आपली बारा झाली.

“अजून दोनशे दहा,” ते मला म्हणाले, आणि त्यात थट्टेचा लवलेश नव्हता.

बाईंची दुसरी हरकत मात्र वर्मी लागली. “तुमच्या वहीत सगळे येतात नाना. जात कोणीच नाही. टाकीपाशी येणारा करडा धोबी कधी गेला?”

नानांनी वही चाळली. “ऑक्टोबरात आला. वेळेसकट नोंद आहे.”

“आला ते कळलं. गेला कधी?”

नाना गप्प.

“पहिला दिसला हे त्याच दिवशी लिहिता येतं. शेवटचा दिसला ते त्या दिवशी कळत नाही. त्यासाठी रोज लिहावं लागतं.”

बाई गेल्यावर नाना पुटपुटले, “रोज लिहायला मी काय हजेरीपट मांडलाय?” दुसऱ्या दिवशी वहीत नवा रकाना आखलेला होता : अखेरचे दर्शन. तेव्हापासून धोब्यापुढची तारीख रोज पेन्सिलीने लिहायची आणि दुसऱ्या दिवशी धोबी पुन्हा दिसला की खोडायची, असं चालू आहे. त्या रकान्यातला कागद खोडरबराने इतका घासला गेलाय की पलीकडच्या पानावरचा भारद्वाज वाचता येतो.

या दोघांच्या मध्ये, गेटवर, आमचा रात्रपाळीचा वॉचमन आहे. मुळशीकडचा. सगळे त्याला मामा म्हणतात. पहाटे चारपासून जागा असलेला सोसायटीतला हा एकमेव माणूस, त्यामुळे जे काही पहिलं ओरडतं ते त्याच्याच कानावर पडतं. सुरुवातीला तो भोळेपणाने सांगून टाकायचा. मग त्याच्या लक्षात आलं की, ही माहिती नुसती सांगून टाकण्यासारखी नाही. आता तो नानांना सांगतो तेव्हा आल्याचा चहा मिळतो आणि बाईंना सांगतो तेव्हा शेंगदाण्याची चटणी आणि दोन भाकऱ्या. कोणाला आधी सांगायचं हे त्या दिवशी भूक किती आहे त्यावर ठरतं. नानांना याचा सुगावा लागल्यावर त्यांनी रात्रपाळीत ऐकलेलं कचेरीच्या वेळेत धरलं जाणार नाही असा फतवा काढला. आठवडाभरात मागे घेतला, कारण त्या आठवड्यात बाईंकडे चार नोंदी झाल्या.

फुलपाखरांवरून एकदाच मोठा घोटाळा झाला. हळदीकुंकू नावाचं एक फुलपाखरू आहे. वरून पांढरं, पंख मिटले की खालून हळदीसारखं पिवळं आणि कडेने कुंकवाचे ठिपके. त्याच्या अळ्या बांडगुळावर वाढतात आणि आमच्या आंब्यावर बांडगूळ भरपूर. उडतं ते शेंड्याच्या उंचीवर, त्यामुळे खाली बघून चालणाऱ्यांना कधीच दिसत नाही. चैत्रातल्या एका सकाळी नानांना ते दिसलं. बाईंच्या आधी दिसलं या आनंदात त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : ‘यंदाचे पहिले हळदीकुंकू. सी विंगमागील आंब्याखाली. आत्ताच. सर्वांनी यावे.’ चैत्रगौरीचे दिवस. अर्ध्या तासात बायका नेसून, गजरे माळून आंब्याखाली हजर. तिथे नाना एकटे, दुर्बीण वर रोखून.

“ते बघा, वर, बांडगुळाच्या डावीकडे.”

काकूंनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि विचारलं, “डाळ कुठाय?”

मान मोडेपर्यंत वर बघून काहींना ते दिसलं, काहींना दिसल्यासारखं वाटलं. शेवटी बाईंनीच घरून कैरीची वाटली डाळ आणि पन्हं आणवलं. तेव्हापासून चैत्रातलं हळदीकुंकू आमच्याकडे आंब्याखालीच होतं. नाना मात्र त्या दिवसाचा उल्लेख टाळतात, कारण ‘कोणी पाहिलं’ या रकान्यात तेवीस सह्या घ्याव्या लागल्या.

आणि मग कढीपत्ता.

माघ-फाल्गुनात आमचा कढीपत्ता जुनी पानं टाकून कोवळ्या पोपटी फुटव्यांनी भरतो. काळ्या पंखांवर पिवळट ठिपके असलेलं लिंबाचं फुलपाखरू तेव्हा दुपारी त्याच्याभोवती घिरट्या घालतं. बसत नाही धड. पानावर उतरल्यासारखं करतं, पुढच्या पायांनी टकटक करून बघतं, कारण त्याची चव पायात असते, आणि पान पसंत पडलं तर पोट वाकवून मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळं, एकच अंडं चिकटवून पुढच्या पानाकडे जातं. नानांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अर्धा तास जागचे हलले नाहीत आणि नोंद करायची विसरले. माझ्या माहितीत असं एकदाच घडलं आहे.

त्यांनी नोटीस लावली : ‘फोडणीसाठी पाने तोडण्यापूर्वी दोन्ही बाजू तपासाव्यात.’ सोसायटीच्या अध्यक्षांनी ती वाचली आणि झाडाकडे निरखून पाहिलं. पानापानांवर काळी-पांढरी पक्ष्यांची घाण. त्यांनी औषध फवारणाऱ्याला बोलावलं. तो पंप पाठीला लावून आला तेव्हा कढीपत्त्याच्या बुंध्याला रबर बँडने एक कागद अडकवलेला होता : ‘जैसे थे.’ खाली नानांची सही, तारीख. फवारणारा शिकलेला होता, सरकारी भाषा ओळखून थांबला.

बाईंनी अध्यक्षांच्या हातात भिंग दिलं. “नीट बघ. घाण चालतीय का?”

चालत होती. या सुरवंटाचं लहानपण पक्ष्याच्या विष्ठेच्या वेषात जातं. आधीच टाकलेली वस्तू कोण खाणार, या हिशेबाने. मोठा झाला की तो पानासारखा हिरवा होतो. अध्यक्षांनी बोट लावलं, तशी त्याने डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि सडक्या लिंबाचा वास सुटला. अध्यक्ष दोन पावलं मागे सरले. फवारणी पुढे ढकलली गेली, असं मासिक सभेच्या इतिवृत्तात आहे.

पुढे कोष झाला. खोडाला रेशमाच्या एका धाग्यावर रेलून बसलेला, पानाच्या रंगाचा. नानांपुढे नवाच प्रश्न : बाहेरून आलेलं फुलपाखरू आणि इथेच जन्मलेलं फुलपाखरू एकाच वहीत कसं धरायचं? त्यांनी मार्ग काढला. आलेलं ते खरेदीखताने, जन्मलेलं ते वारसाने. वारसाची पहिली नोंद आपलीच झाली पाहिजे म्हणून कोष काळपट होऊन आतले पंख दिसू लागल्यावर नानांनी पहाटे खुर्ची टाकली. थोड्या वेळाने बाई आपली खुर्ची घेऊन आल्या. दोघांत खुर्च्यांच्या अंतरावरून वाद सुरू झाला. तिथून तो करड्या धोब्यावर गेला, धोब्यावरून परदेशी दप्तरावर गेला. तेवढ्यात काकू पोह्यांसाठी चार पानं घ्यायला खाली आल्या आणि कढीपत्त्यापाशी उभ्याच राहिल्या. कोष उकलला होता. ओलं, चुरगळलेलं काहीतरी सरपटत बाहेर येऊन उलटं लटकलं होतं आणि त्याचे पंख सुरकुत्या सोडत सावकाश मोठे होत होते. काकूंनी हाका मारल्या नाहीत. पंख पुरते वाळले, एकदा उघडले, दोनदा उघडले, आणि फुलपाखरू भिंतीवरून पलीकडे गेलं, तेव्हा कुठे त्या या दोघांकडे वळल्या.

“नोंद करा,” काकू म्हणाल्या. “आणि बेल नव्हती हं ही.”

नानांनी वही उघडली. काकूंचं नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या जागी पतीचं नाव विचारून लिहिलं, वेळ विचारली. बाईंना विचारलं, “हरकत?”

“नाही.”

वरच्या मजल्यावरून करपलेल्या कांद्याचा वास येत होता.

तुमच्याही सोसायटीत कढीपत्ता असेल तर फाल्गुन-चैत्रात त्यावर औषध मारू नका. मारायचंच असेल तर आधी पानं उलटून बघा. विष्ठा दिसली तर ती हलते का, तेही बघा. पहिलं काही दिसलं, ऐकू आलं, तर तारीख लिहून ठेवा आणि जमलं तर शेवटचीही. नानांना मात्र कळवू नका. हरकत येईल.